जुना गॅस गीझर बदलताना आधी धुराची वाट

आमचा जुना गॅस गीझर २००९ च्या नोव्हेंबरात भिंतीवर चढला आणि २०२४ च्या जानेवारीत उतरला. तारखा तोंडपाठ नाहीत, वहीत आहेत. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं सुटे भाग मोजण्यात गेली, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला मी एक पान देते. गीझरच्या पानावर सेल बदलल्याच्या नोंदी सोडून सहा दुरुस्त्या आहेत: डायफ्रॅम, मायक्रोस्विच, परत डायफ्रॅम, ठिणगीची वायर, पाण्याच्या तोंडाची जाळी, आणि शेवटची नुसतीच ‘मेकॅनिक येऊन गेला, आता चालतो’. ही शेवटची नोंद मला फार महागात पडली असती.

कारण गीझर बंद पडलाच नव्हता. छान पेटायचा, पाणी कढत यायचं. फक्त सासूबाई आंघोळ करून आल्या की कपाळ धरून बसायच्या. “डोकं जड होतं गं,” म्हणायच्या. मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला नेलं, मग पित्ताच्या गोळ्या आणल्या. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! सुटीत मुलगी घरी आली, तिलाही आंघोळीनंतर मळमळायला लागलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून गीझर चालू केला आणि त्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलं. ज्योत निळी असायला हवी होती, ती शेंड्याला पिवळी होऊन लवलवत होती. वरच्या पत्र्यावर काजळी. त्या दिवशी गॅस बंद केला तो पुन्हा उघडलाच नाही.

पिवळी ज्योत आणि काजळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात; आणि कडी लावलेल्या बाथरूममध्ये हातपाय गळाले की कडी उघडायला उठणार कोण? आंघोळीनंतर डोकं दुखतं आणि मोकळ्या हवेत बरं वाटतं, असं घरात एकापेक्षा जास्त माणसांचं होत असेल तर डॉक्टरांना ‘घरात गॅस गीझर आहे’ हे आपण होऊन सांगा.

दुरुस्ती कुठवर करायची

सेल, डायफ्रॅम, मायक्रोस्विच, जाळी, वायसर या गोष्टी बदलून गीझर आणखी चालवायला माझी हरकत नाही. त्या झिजण्यासाठीच असतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने डायफ्रॅम सरकतो, तो मायक्रोस्विच दाबतो, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. या साखळीतली एखादी कडी तुटली तर गीझर पेटत नाही, एवढंच.

तांब्याच्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला, पाझर फुटला, त्याच्या पात्यांमध्ये काजळी आणि धूळ दाटली, बर्नरच्या फटी गंजून वेड्यावाकड्या झाल्या, किंवा पेटताना ‘भप्प’ असा आवाज येऊन ज्योत बाहेर झेपावायला लागली, तर गोष्ट वेगळी. नव्या सेलने ‘भप्प’ थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर ठिणगी पडेपर्यंत आत गॅस साठतोय असं समजा. पात्या दाटल्या असतील तर जाणकार माणूस त्या साफ करू शकतो, पण पंधरा वर्षांच्या यंत्रावर तो खर्च मी करणार नाही.

आमच्या गीझरचं झाकण काढल्यावर त्या शेवटच्या नोंदीचा अर्थ कळला. गीझर प्रमाणाबाहेर तापला तर गॅस तोडणारा एक बटणाएवढा स्विच हीट एक्स्चेंजरला चिकटवलेला असतो. तो वारंवार गॅस तोडत असणार, म्हणून मेकॅनिकने त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना पिळ्या मारल्या होत्या आणि वर चिकटपट्टी. ‘आता चालतो’! कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्याचं तोंड बांधलं, चोर घरातच. तुमच्या गीझरमध्ये असा जोड दिसला तर त्यावर पुढे चर्चा नको, सरळ बदला.

जागा

दुकानात जाण्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे हवा कुठून येणार आणि धूर कुठे जाणार. कंपनी कुठली, काचेचा दर्शनी भाग की साधा, हे सगळं नंतर.

हिशेब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर साधारण १२ किलोवॅटचा गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाचएक बर्नर एकदम मोठे केल्यासारखं. दर किलोवॅट-तासामागे गॅसला जवळजवळ एक घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला ११-१२ घनमीटर. आमचं बाथरूम दोन मीटर लांब, दीड रुंद, अडीच उंच: साडेसात घनमीटर. दारं-खिडक्या लावून दहा मिनिटं गीझर चालला तर त्या खोलीतल्या हवेचा चौथा हिस्सा खर्ची पडतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो १६ च्या आसपास येतो. त्याच्या कितीतरी आधी ज्योत बिघडते आणि मोनॉक्साइड वाढायला लागतो. थोडक्यात, नवाकोरा, महागडा, उत्तम गीझरही बंद बाथरूममध्ये तेच करेल जे माझा जुना करत होता. जुना काढून त्याच खिळ्यांवर नवा टांगणं म्हणजे माणूस बदलून तोच गुन्हा चालू ठेवणं.

म्हणून बाथरूममध्ये ज्योत नको. आमचा आता मागच्या बाल्कनीच्या भिंतीवर आहे. वर छत, एक बाजू पूर्ण मोकळी. गरम पाणी पाइपाने आत येतं. मात्र तुमच्या बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल तर ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली. आणि धुराचं तोंड झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली किंवा शेजाऱ्यांच्या झरोक्यासमोर येत नाही ना, तेही पाहा. पाऊस-वारा थेट लागणार असेल तर बाहेर बसवण्यासाठीच बनवलेला गीझर घ्यावा लागतो, नाहीतर वाऱ्याने ज्योत विझत राहते.

बाहेर जागाच नसेल तर बंद ज्वलनकक्षाचा गीझर बघा. त्याला नळीत नळी असते: बाहेरच्या नळीतून हवा आत, आतल्या नळीतून धूर बाहेर. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. यासाठी वीज लागते आणि भिंतीला भोक पाडावं लागतं, पण आत बसवायचा तर माझ्या मते हाच एक प्रकार.

साध्या धुराड्याचा गीझर असेल तर एका सापळ्याची आठवण ठेवा. धूर गरम म्हणून आपोआप वर चढतो, त्या ओढीला जोर फार नसतो. त्याच जागेत एक्झॉस्ट फॅन लावला की तो खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि ती भरून काढायला धुराड्यातला धूर उलटा आत येतो. ‘पंखा आहे ना, मग काळजी नाही’ हे मी स्वतः कित्येक वर्षं म्हणत होते.

किती लिटरचा

बादली आणि घड्याळ घ्या. गरम पाण्याचा नळ तुम्ही आंघोळीला सोडता तेवढाच सोडा. १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर प्रवाह मिनिटाला ६ लिटर. आता सूत्र: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले १४.३, म्हणजे पाण्यात जायला हवे तेवढे किलोवॅट. हिवाळ्यात नळाचं पाणी १५ अंश आणि तुम्हाला ४० हवं असेल तर ६ × २५ ÷ १४.३, म्हणजे साडेदहा. थोडी उष्णता धुराबरोबर जाते, म्हणून गॅसच्या बाजूला १२ धरायचे. खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुतेक वेळा २५ अंशांच्या वाढीसाठी असतो. तुमच्याकडे पाणी त्याहून गार असेल तर तेवढे लिटर मिळणार नाहीत. एका वेळी दोन बाथरूम चालवायची तर १०-१२ लिटरचा घ्या, एरवी मोठ्याचा मोह नको. मोठ्याला हवाही तेवढीच जास्त लागते.

पाण्याचा दाब हाही प्रश्न असतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या वर जितके मीटर, तितके दशांश बार दाब: तीन मीटरला ०.३ बार. कमी दाबावर पेटणारे गीझर मिळतात, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खोक्यावरचा किमान दाब वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली प्रवाह गेला की बरेचसे गीझर विझतात.

आणि गॅस कुठला? सिलिंडरमधल्या एलपीजीचा आणि पाइपलाइनमधल्या नैसर्गिक गॅसचा जेट, म्हणजे गॅस ज्या भोकातून बर्नरला जातो ते तोंड, वेगळा, दाबही वेगळा. एलपीजीचं भोक बारीक असतं. नैसर्गिक गॅसचा गीझर एलपीजीला जोडला तर ज्योत भडकते, काजळी धरते. ‘भोक बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे कंपनीचा बदलाचा संच नसेल तर नकार द्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. नैसर्गिक गॅस हलका, छताकडे जातो. झरोका खाली हवा की वर, हे त्यावरून ठरतं.

ज्यांच्याकडे साठवणीच्या टाकीचा गीझर आहे त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. टाकीत मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा एक दांडा असतो, टाकीऐवजी तो गंजतो. तो संपला की टाकी गंजायला लागते, आणि टाकीच तळातून पाझरली तर तिला दुरुस्ती नाही. आणि दाबाचा सुरक्षा व्हॉल्व्ह नव्या टाकीबरोबर नवाच हवा. जुना काढून लावू नका. त्याचं तोंड कधीही बुचाने बंद करू नये.

काढणी

जुनं काढण्याआधी फोन काढा आणि प्रत्येक जोडाचे फोटो घ्या. मग गॅसचा कॉक बंद. गरम नळ सोडून गीझर पेटवून पाहा, म्हणजे नळीतला उरलासुरला गॅस जळून जाईल आणि कॉक खरंच बंद होतो की नाही तेही कळेल. माझा झाला नव्हता! ज्योत बारीक होऊन तशीच तेवत राहिली. तेवढ्यासाठी सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढावा लागला आणि कॉक नवा घ्यावा लागला. पाइपलाइनचा गॅस असता तर तिथेच थांबून पुरवठादाराच्या माणसाला बोलवावं लागलं असतं.

नंतर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून सर्वात खालचा नळ उघडा, लाइन रिकामी होऊ द्या. नट सोडवताना दोन पाने लागतात: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने मागचा पाइप धरून ठेवायचा. एकाच पान्याने जोर लावला की भिंतीच्या आतला एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, फिरतो आणि मग फरशी फोडणं आलं. गीझर उचलताना आतून लिटरभर पाणी सांडतंच, खाली बादली ठेवा. टाकीवाल्यांनी आधी पाणी गार होऊ द्यावं, मग पूर्ण उपसावं.

जुना गीझर आमच्या ओळखीच्या एकाने मागितला. “चालू आहे ना, मग द्या की.” मी त्याची गॅसची नळी कापली आणि भंगारात घातला. वाईटपणा आला, चालेल.

जोडणी

पाण्याची बाजू मी स्वतः केली. गॅसचा जोड परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतला, आणि याबाबतीत माझं मत बदलणार नाही. तो जोड पाच मिनिटांचा दिसतो, म्हणूनच माणसं फसतात.

टांगण्याची उंची अशी ठेवा की ज्योतीची खिडकी डोळ्यांसमोर येईल, जमिनीपासून साधारण दीड मीटर. खिडकी इतकी वर नको की स्टूल घेतल्याशिवाय कुणी बघणारच नाही. आजूबाजूला पडदा, लाकडी फळी, कपडे वाळत घालायची दोरी नको. भिंत पोकळ विटांची असेल तर साधा प्लास्टिकचा गिट्टा धरत नाही, त्यासाठीचे वेगळे मिळतात.

गार पाण्याची लाइन जोडण्याआधी व्हॉल्व्ह उघडून अर्धी बादली पाणी वाहू द्या. आमच्या लाइनमधून गंजाचे कपचे आणि सिमेंटची वाळू निघाली. ती नव्या गीझरच्या जाळीत गेली असती. जोड दोन प्रकारचे असतात. आट्यांवर आटे बसतात तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची, आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने. जिथे सपाट नट रबरी वायसर दाबतो तिथे टेप लावायची नाही, वायसरच पाणी अडवतो. मी दोन्ही लावलं, ‘असू दे जास्तीचं’ म्हणून. थेंब थेंब गळायला लागलं. मी आणखी आवळलं, वायसर चिरला, आणि थेंबाची धार झाली. गॅसवाला मुलगा आला तेव्हा म्हणाला, “काकू, टेपेनं नट नीट बसत नाही आणि मग तुम्ही ताकद लावता.” वायसर बदलला, टेप काढली, हाताने बसवून पान्याने पाव फेरा दिला. थेंब नाही.

गरम बाजूला पहिला हातभर भाग धातूचा ठेवा, प्लास्टिकचा पाइप थेट गीझरच्या तोंडाला नको. गीझरपासून नळापर्यंत अंतर जितकं वाढेल तितकं गरम पाणी यायला थांबावं लागतं: अर्ध्या इंची पाइपात मीटरला साधारण १५० मिलिलिटर पाणी मावतं. आमचा पाइप पाच मीटर, म्हणजे दर वेळी पाऊण लिटर गार पाणी आधी येतं. ते बादलीत धरायचं. सासूबाईंनी एक तपेली त्यासाठी नेमून ठेवली आहे, त्या पाण्यावर तीन कुंड्या जगतात.

धुराड्याचा पाइप साध्या ओढीवर चालणारा असेल तर गीझरवर किमान ३० सेंटिमीटर सरळ वर जाऊ द्या, मगच वळवा. आडवा भाग जितका छोटा तितका चांगला, आणि तो बाहेरच्या दिशेने चढता हवा, मीटरला दोनएक सेंटिमीटर. जुना पाइप नव्या गीझरला ‘बसतोय’ म्हणून वापरू नका. व्यास कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. धूर पंख्याने बाहेर ढकलणाऱ्या गीझरचे नियम वेगळे, तिथे पुस्तिका सांगेल तेच.

गॅसचा जोड होताना शेजारी उभं राहा. गॅसची नळी नवीच हवी, तिच्यावर छापलेली तारीख वाचा, आणि ती भिंतीच्या आतून किंवा बाथरूमच्या गरम पाइपाला घासून गेलेली नको. आट्यांच्या जोडाला गॅससाठीची टेप किंवा लेप. पाण्याची पातळ पांढरी टेप चालत नाही. झाल्यावर भांड्यांचा साबण पाण्यात कालवून ब्रशने प्रत्येक जोडाला लावायचा आणि निदान दोन मिनिटं बघत राहायचं. मोठा बुडबुडा लगेच दिसतो, बारीक गळतीचा फेस हळूहळू चढतो. काडी ओढून गळती बघणारी माणसं अजून आहेत. तसा कुणी निघाला तर त्याला चहा न देता वाटेला लावा.

पहिली ज्योत

आधी पाणी. गरम नळ सोडा, हवा फुसफुसत निघून धार एकसारखी येऊ द्या. टाकीच्या गीझरला तर हे फारच महत्त्वाचं आहे, टाकी भरल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही. मग सेल घाला, दोन्ही नवे, एकाच जोडीचे. मग गॅस उघडा. पहिल्या तीन-चार वेळा नुसती टकटक होईल, कारण नळीत हवा असते. नळ बंद करून थोडं थांबा, पुन्हा सोडा.

पेटल्यावर दहा मिनिटं तिथेच थांबून ज्योत बघा. निळी, एकसारखी, न फडफडणारी. धुराडं असेल तर त्याच्या खालच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा: धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्याकडे आला तर गीझर बंद करा. ही परीक्षा घराची सगळी दारं लावून आणि स्वयंपाकघराचा पंखा चालू ठेवून घ्या, म्हणजे वाईटात वाईट स्थिती कळते. उदबत्ती धुराड्यासाठी आहे, गॅसच्या जोडाजवळ नाही.

पाणी किती गरम ठेवायचं? झटपट गीझरला ४० ते ४५ अंश भरपूर झाले. ६० अंशांचं पाणी पाचएक सेकंदांत खोल भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसाला पाय मागे घ्यायलाच तेवढा वेळ लागतो. साठवणीच्या टाकीत मात्र पाणी फार कोमट ठेवलं तर जंतू वाढतात, म्हणून टाकी ६० ला ठेवून नळाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी त्याच दिवशी लावला. बाल्कनीच्या दाराच्या आतल्या बाजूला, श्वासाच्या उंचीवर. वाफेत नको, म्हणून बाथरूममध्ये नाही. हा अलार्म एलपीजीची गळती ओळखत नाही, त्यासाठी वेगळा आणि जमिनीलगत लागतो. अलार्मच्या मागे त्याची मुदत छापलेली असते, ती मी वहीत उतरवून घेतली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासूबाई त्याचं बटण दाबून बघतात आणि तो किंचाळला की समाधानाने आत जातात.

आता गीझरच्या नव्या पानावर पाच ओळी आहेत. वर्षातून एकदा झाकण उघडून बर्नर आणि पात्या ब्रशने साफ. पाण्याची जाळी दर तीन महिन्यांनी. पाणी जड असल्यामुळे हीट एक्स्चेंजरमधले क्षार काढायला वर्षाआड सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवायचं. महिनाभर बाहेरगावी जाताना सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरून संपर्क गंजतात. पाचवी ओळ पावसाळ्यात वाढली: धुराच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. मुलगा म्हणाला, बारीक जाळी ठोकून टाकू. बारीक जाळी काजळीने आणि धुळीने बुजते, म्हणून कंपनीची रुंद भोकांची टोपी मागवली, आणि ती येईपर्यंत दर शनिवारी टॉर्च मारून बघत होते.